जाळ्यावरचा काळा ठिपका

१

२००५ साली नारळी पुनवेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या वाडीतल्या माणसांनी रापणीचं जाळं मांगरातून, म्हणजे जाळी ठेवायच्या झापाच्या खोपीतून, काढून वाळूवर पसरलं, आणि पसरता पसरता सगळ्यांचे हात थांबले. जाळ्याच्या मधोमध, जिथे मासा येऊन साठतो त्या खोळीला, भोकं पडली होती. तीही एका ओळीत. पहिलं जेवणाच्या ताटाएवढं, पुढचं त्याहून लहान, आणि असं करत शेवटचं वाटीएवढं. धाग्यांची टोकं स्वच्छ कापलेली दिसत होती. कुणीतरी सुरी चालवली, याबद्दल कुणाच्याच मनात शंका नव्हती.

रापण माहीत नसलेल्यांसाठी सांगतो. हे एकाचं जाळं नव्हे. घरोघरचे तुकडे जोडून ते एक होतं. होडीने समुद्रात त्याचा अर्धा वेढा टाकतात आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून सगळी वाडी मिळून ओढते. जे मिळेल ते वाटेकऱ्यांत वाटलं जातं. त्यामुळे रापण कापणं म्हणजे सगळ्या वाडीच्या ताटात माती कालवणं.

संशय कुणावर घ्यायचा याचा निकाल वाळूवरच लागला. सुदेशवर. सुदेश पिढीजात वाटेकरी, पण गेल्या वर्षी तो मालवणात एका यांत्रिक बोटीवर कामाला गेला होता. या बोटी किनाऱ्याजवळ येऊन मासा उचलून नेतात म्हणून रापणवाल्यांचा त्यांच्यावर दात. यंदा सुदेश परत आला होता, तर कुणी त्याला धड हाक मारत नव्हतं. आदल्या दिवशीच्या जाळ्याच्या पूजेलाही बोलावलं नव्हतं. आणि पूजेनंतर, दिवेलागणीला, तो मांगराच्या दाराशी उभा होता. त्याच्या कमरेला सुरी होती. हे एकाने पाहिलं, आणि दुपारपर्यंत सगळ्यांनीच पाहिलं होतं. आमच्या वाडीची नजर अशी वाढत्या अंगाची आहे.

रापणीचा तांडेल, म्हणजे म्होरक्या, भाई. साठीतला, कमी बोलणारा, शब्दाला वजन असलेला माणूस. तो म्हणाला, रविवारी देवळात बसू आणि ठरवू. काय ठरणार ते सगळ्यांना ठाऊक होतं. सुदेशचं नाव रापणीतून कमी होणार, आणि त्या घराशी बोलणं बंद. भाईने स्वतः घरोघर जाऊन बैठकीचा निरोप दिला आणि तोवर त्या घराशी संबंध ठेवू नका असंही सांगितलं.

आता मी यात कुठे, ते सांगतो. मी रामचंद्र. वाडीतलाच, पण बापाच्या मागे होडीत न बसता फोटो काढायला शिकलो आणि जवळच्या कट्टा गावात स्टुडिओ टाकला. सुदेशची बायको यशोदा ही माझी धाकटी बहीण. त्या दुपारी ती मासळीची रिकामी पाटी घेऊन स्टुडिओत आली. लिलावात तिच्याकडे कुणी बघितलंही नव्हतं. ती रडली नाही. काउंटरवरचे लग्नाचे फोटो एका बाजूला सारून तिने मला एवढंच विचारलं.

"दादा, तुजो कॅमेरो खरा सांगता मां? मग आता तेका काय बगूचा तां बगूक सांग."

२

माझा कॅमेरा लग्नातली नवरी बघू शकतो. कापलेल्या धाग्यात तो काय बघणार? पण बहिणीला रिकाम्या हाताने पाठवायचं जिवावर आलं, आणि मला विनीताबाईंची आठवण झाली.

विनीताबाई मसुऱ्याच्या. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. वर्षभरापूर्वी त्या माझ्याकडे आल्या होत्या. मायक्रोस्कोपमधून दिसतं त्याचे फोटो रोलवर काढून मिळतील का, असं त्यांनी विचारलं होतं. मी नाही म्हटलं. मग त्यांच्या भावाने मुंबईहून एक छोटा डिजिटल कॅमेरा पाठवला, आणि तो दाखवायला त्या मुद्दाम स्टुडिओत आल्या. मी त्याला खेळणं म्हटलं. रोल नाही, धुणं नाही, अंधारी खोली नाही, त्याला फोटोग्राफी म्हणायचं का, असं ऐकवलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "काका, एकदा कॉलेजात या."

मी गेलो तो असा, अडल्यावर. त्यांनी खेळण्याचा विषयही काढला नाही. सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला तो भलताच.

"जाळं कोणी सांधायला घेतलंय का?"

रविवारपर्यंत हात लावायचा नाही असं ठरलंय, असं मी सांगितलं. तेव्हा त्यांनी पिशवीत कात्री, चिमटा, छोट्या बाटल्या आणि तो कॅमेरा टाकला, आणि आम्ही एसटी पकडली.

वाडीत त्यांना कुणी अडवलं नाही. मसुऱ्याची मास्तरीण, तीही भाईच्या परवानगीने. भाई म्हणाला, बघा काय बघायचं ते. त्यांनी प्रत्येक भोकाचा फोटो घेतला. कापलेली टोकं घेतली. मग भोकाच्या आजूबाजूचे चांगले, न कापलेले धागेही थोडेथोडे घेतले. मला ते उगाच वाटलं. चोर सोडून शेजाऱ्याची झडती कशाला, असं मी म्हणालोही. त्यावर त्या म्हणाल्या, "शेजाऱ्याने काय पाहिलं ते विचारायला नको?"

३

मग त्यांनी माणसं गाठली. त्यांची विचारायची रीत मला फार आवडली. तपास करते आहे असं त्या कुणालाच वाटू देत नव्हत्या. ओट्यावर टेकायच्या, पाणी मागायच्या, आणि समोरच्याला बोलू द्यायच्या.

पहिला धोंडू, मांगराचा राखणदार. हा मूळचा दोडामार्गाकडचा. बागायतीत राबलेला, जाळ्याची सुई कधी हातात न धरलेला, पण बिडी मात्र चोवीस तास तोंडात. वाडीतल्या काहींना त्याचाही संशय होताच. तो म्हणाला की पूजा झाल्यावर भाईने कुलूप लावलं आणि किल्ली कनवटीला खोचून घरी गेला. मग हा बाहेर ओट्यावर झोपला. सकाळी पहिला भाईच आला. त्याने धोंडूला नाक्यावर पिटाळलं, सगळ्यांसाठी चहा सांगून ये म्हणून. धोंडू परतला तेव्हा माणसं जमलेली आणि जाळं बाहेर निघत होतं. रात्री कुणी आलं का? तर नाही. पण आपली झोप जरा गाढ, हेही त्याने मान खाली घालून कबूल केलं.

दुसरी चंद्रावती. ही भाईची आई. लग्न होऊन वाडीत आली तेव्हापासून जाळ्याला धूप फिरवायचा मान तिचा. डोळ्यांनी आता तिला जेमतेम उजेड-अंधार कळतो, पण हातात धुपाटणं दिलं की पावलं चुकत नाहीत. जाळं घडी घालून रचून ठेवतात आणि ती त्याभोवती फिरते. ती विनीताबाईंना कितीतरी जुन्या गोष्टी सांगत बसली. पूर्वीची जाळी सुताची असत, सालीच्या रंगात बुडवून काढलेली, त्यांना वासही वेगळा येई. आताच्या नायलॉनला वासच नाही म्हणून ती कुरकुरली. यंदाचा धूप मात्र फार चांगला झाला, धूर कसा सरळ वर गेला, भाईनेच सांगितलं, असं म्हणून समाधानाने हसली.

शेवटी सुदेश. तो घरापुढच्या खळ्यात बसून होता, दाढी वाढलेली. मी बरोबर होतो म्हणून बोलला, नाहीतर त्याने तोंड उघडलं नसतं.

"सुरी माज्या कमरेक नेमीच आसता. माका पूजेक बोलवक नाय, म्हणान सगळे गेल्यार दारातसून नमस्कार केलंय आणि घराक इलंय. जाळ्याक मी हात लावक नाय."

विनीताबाईंनी त्याला एकच विचारलं, की रविवारी नाव गेलं तर तो काय करणार. तो म्हणाला की मग ही वाडी सोडायची. यशोदा आत भांडी घासत होती. भांड्यांचा आवाज थांबला.

४

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत होतो. स्टुडिओला कुलूप.

मायक्रोस्कोपला कॅमेरा लावणं मला वाटलं तेवढं सोपं नव्हतं. आपण डोळा लावतो त्या भिंगापुढे कॅमेऱ्याचं भिंग धरलं, की पडद्यावर सगळा काळोख आणि मधोमध एक छोटा उजळ गोल दिसे. हात जरा हलला की तोही गायब. विनीताबाईंनी झूम वाढवला तेव्हा तो गोल मोठा होत पडदाभर पसरला. बटण दाबताना धक्का बसे म्हणून त्या टायमर लावून हात बाजूला घेत. फ्लॅश बंद. तरीही दोन भिंगं एका रेषेत राहत नव्हती.

इथे माझी कारागिरी कामाला आली. रोल ज्या काळ्या प्लॅस्टिकच्या डबीत येतो, तसल्या डब्या माझ्या पिशवीत कायम असतात. एकीचा तळ कापला, आत कागदाची पट्टी गुंडाळली, आणि ती डबी भिंगावर टोपीसारखी घट्ट बसली. दुसऱ्या बाजूला कॅमेरा टेकवला तो हलेचना. विनीताबाईंनी इतकं मनापासून कौतुक केलं की मी लाजलो. ज्या रोलची बाजू घेऊन मी भांडलो होतो, त्याचीच डबी त्या खेळण्याच्या सेवेला लागली.

आणि मग मी पडद्यावर पाहिलं. केसाएवढा धागा दोराएवढा झाला होता. त्यात पिळलेल्या बारीक तारा एकेक मोजता याव्यात इतक्या स्वच्छ. आजवर मायक्रोस्कोपला एकाने डोळा लावायचा आणि दुसऱ्याने त्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा, असं होतं. इथे आम्ही दोघं एकाच वेळी एकच गोष्ट बघत होतो, बोट दाखवून बोलत होतो, आणि लगेच जुना फोटो काढून नव्याशी ताडून बघत होतो. मी आयुष्यभर माणसांची तोंडं टिपली, पण त्या सकाळी मला पहिल्यांदा वाटलं की आपल्या धंद्याला खरा अर्थ आहे. उगाच खोटं कशाला बोलू, माझे डोळे भरून आले.

विनीताबाईंनी तुलनेसाठी धागे आणले होते. एक घासून तुटलेला, त्याचं टोक झाडूसारखं पिंजलेलं. एक उंदराने कुरतडलेला, चेपलेला. एक सुरीने कापलेला, सगळ्या तारा एका पातळीत. मग रापणीची टोकं एकेक करून काचेवर ठेवली.

सगळीच्या सगळी सुरीने कापलेली निघाली. उंदीर नाही, झीज नाही, खडकाला अडकून फाटणंही नाही. वाडी म्हणत होती ते खरं होतं, आणि ते मीच माझ्या डबीने पक्कं करून दिलं होतं.

५

मी पिशवी उचलली. यशोदाला काय सांगायचं याचाच विचार डोक्यात होता. विनीताबाई मात्र अजून शेजारचे, न कापलेले धागे बघत बसल्या होत्या.

"काका, हा ठिपका काय आहे?"

पडद्यावर धाग्याच्या कडेला एक काळा ठिपका होता. पुढच्या फोटोतही तसाच एक. मी जाणत्या माणसाच्या थाटात सांगितलं की भिंगावर धूळ बसली असेल, या डिजिटलचं हेच रडगाणं, पुसा आणि पुन्हा काढा.

त्यांनी पुसलं नाही. आधी कॅमेरा थोडा फिरवला. चित्र फिरलं, पण ठिपका धाग्याला धरूनच राहिला. म्हणजे तो कॅमेऱ्यात नव्हता. मग डोळ्याकडचं भिंग त्याच्या नळीत गोल फिरवलं. ठिपका जागचा हलला नाही. म्हणजे भिंगावरही नव्हता. शेवटी त्यांनी काच हळूच सरकवली, आणि धागा सरकला तसा ठिपकाही त्याच्याबरोबर सरकला. एवढं सोपं. धूळ कुठे आहे हे विचारायची ही रीत मला इतक्या वर्षांत सुचली नव्हती.

ठिपका धाग्यावर होता. त्यांनी मोठं भिंग लावलं आणि बाजूने टॉर्च धरायला सांगितलं. तो ठिपका नव्हताच. तो एक गोल, चकचकीत थेंब होता. धागा वितळून झालेला. आणि त्या थेंबाच्या पोटात एक काळा कण अडकला होता.

नायलॉन सुरीने वितळत नाही. जाळं आधी जळलं होतं. सुरी नंतर आली.

मला पहिला आठवला तो धोंडू आणि त्याच्या तोंडातली बिडी.

६

विनीताबाईंनी मला उठू दिलं नाही. त्यांनी बिडी पेटवून तिची राख घेतली. चहाच्या शेगडीतला लाकडी कोळसा आणला. आणि शेजारच्या घरातून नारळाच्या करवंटीचा कोळसा मागून आणला. तिन्हींचे कण काचेवर ठेवून फोटो काढले आणि थेंबातल्या कणाच्या फोटोशेजारी संगणकावर लावले. बिडीची राख भुसभुशीत, पापुद्र्यांची. लाकडी कोळशात उभ्या नळ्या दिसत होत्या. करवंटीच्या कोळशात नळ्या नाहीत, गच्च बसलेले दगडी दाणे. थेंबातल्या कणाच्या तुटक्या कडेला तेच दाणे होते. मला शास्त्रातलं ओ की ठो कळत नाही, पण ते दोन फोटो एकाच घरचे आहेत हे मीही सांगितलं असतं.

मांगरात करवंटीचा निखारा होता तो एकाच ठिकाणी. चंद्रावतीच्या धुपाटण्यात.

मग त्यांनी मला मागच्या अंगणात नेलं. मी आणलेला जुन्या जाळ्याचा तुकडा मागेपुढे घडी घालत रचला आणि त्यावर करवंटीचा एक निखारा ठेवला. ज्वाळा झाली नाही. निखारा नुसता बसत गेला, एका घडीतून दुसऱ्या घडीत, विझत विझत. तुकडा उलगडला तेव्हा त्यात भोकांची ओळ होती. वरचं मोठं, मग लहान, आणखी लहान. वाळूवर पाहिली होती तशीच.

म्हातारीला पडलेला निखारा दिसणं शक्य नव्हतं. पण मग सुरी कोणाची? आत येऊन विनीताबाईंनी भोकांचे फोटो उघडले आणि विचारलं की प्रत्येक भोकाच्या वरच्या एका गाठीला आणि खालच्या एका गाठीला तीन-तीन धागे का राखलेत, बाकी गाठींना दोनच का.

ते पाहताच मला उलगडा झाला. शेवटी मीही रापणकऱ्याचाच मुलगा. जाळं सांधायचं तर आधी भोक छाटून साफ करतात, आणि छाटताना दोन गाठी अशाच राखतात. एकीवरून सुई सुरू होते, दुसरीवर संपते. जाळ्याचा सत्यानाश करायला आलेला माणूस असं कशाला करील? तो सरळ सुरी ओढेल. हे ज्याने कापलं त्याला कापायचं नव्हतं, जळकी टोकं लपवायची होती. पण हाताला जन्माची सवय. लपवतानाही त्याने जाळ्याची काळजी घेतली.

"धोंडूला सांधता येत नाही," विनीताबाई म्हणाल्या. "सुदेशला येतं, पण दार बंद होतं आणि किल्ली त्याच्याकडे नव्हती. आणि जळलेलं लपवून त्याला काय मिळणार? पूजेच्या धुपाने जाळं जळलं, हा अपशकुन. वाडी वर्षभर प्रत्येक रिकाम्या रापणीला त्या म्हातारीचं नाव घेत बसली असती. ते कोणाला सोसणार नव्हतं? सकाळी सगळ्यांच्या आधी कोण आलं, आणि राखणदाराला चहाला कोणी पाठवलं?"

मी उठून तडक वाडीत जायला निघालो होतो. चार लोकांत भाईची गचांडी धरायची, एवढंच डोक्यात होतं. त्यांनी मला अडवलं. म्हणाल्या, "मला यातून सुदेशचं नाव काढायचं आहे. दुसरं नाव घालायचं की नाही, ते ज्याचं त्याला ठरवू दे."

मला ते पटलं नाही, पण मी ऐकलं. या बाईचं ऐकावं असं मला तोवर वाटायला लागलं होतं.

७

रविवारी देवळात वाडी जमली. बायका एका बाजूला, मध्ये भाई, दाराजवळच्या खांबाशी एकटा सुदेश. चंद्रावतीलाही कुणीतरी हाताला धरून आणून बसवलं होतं. मी कुडाळहून मोठे करून आणलेले फोटो विनीताबाईंनी चटईवर मांडले.

त्या मालवणीत बोलल्या. कॉलेजातली भाषा त्यांनी एसटीतच उतरवून ठेवली असावी. आधी कापलेलं टोक दाखवलं आणि सुरी चालली हे खरं आहे असं सांगितलं. गलका उठला. तो थांबेपर्यंत त्या थांबल्या. मग वितळलेला थेंब दाखवला, मग त्याच्या पोटातला कण, मग करवंटीचा कोळसा. फोटो हातोहात फिरत होते आणि तोंडं गप्प होत होती. ज्यांनी जन्मभर जाळं हाताळलं, त्यांना घड्यांचा तुकडा उलगडून दाखवताच पुढचं सांगावं लागलं नाही. विनीताबाई एवढंच म्हणाल्या की जाळं आधी धुपाच्या निखाऱ्याने जळलं, आणि दुसऱ्या कुणीतरी ते झाकण्यासाठी नंतर छाटलं. सुदेशचा यात काही संबंध नाही. आणि त्या खाली बसल्या.

भाई मान वर करत नव्हता. मला वाटलं, हा गप्पच बसणार, आणि विनीताबाईंच्या भलेपणाला काही अर्थ नाही. माझी जीभ सुटणार, एवढ्यात चंद्रावतीने हात पुढे केला आणि फोटो मागितला. तिच्या हातात थेंबाचा फोटो दिला. तिने तो डोळ्यांजवळ नेला, दूर धरला, पुन्हा जवळ नेला. तिला काहीच दिसलं नाही. मग तिने तो मांडीवर ठेवून त्यावर हात फिरवला.

"निखारो माज्याच हातातसून पडलो," ती म्हणाली. "दुसऱ्या कोणी धूप फिरवक नाय. माका दिसला नाय, पण दिसूक नाय म्हणान माजा नाय असा होणा नाय."

म्हातारीने मान वळवली, मुलगा बसला होता त्या बाजूला नेमकी. मांगराची किल्ली कुणाच्या कनवटीला असते, हे तिला ठाऊक होतं.

"भाई, माजो धूप देवीक पावलो आसतलो. तुजी सुरी खंय पावली रे?"

भाई उठला. त्याने सगळ्यांसमोर सांगितलं, की सकाळी घडी उघडली तेव्हा वरचं भोक दिसलं, खाली बघत गेला तर सगळंच जळलेलं. आईला या वयात कुणी बोल लावू नये एवढंच डोक्यात आलं. सुदेशचं नाव आधी त्याने घेतलं नाही, पण लोकांनी घेतलं तेव्हा तो गप्प राहिला, आणि गप्प राहणं एकदा जमलं की पुढे मोडता आलं नाही. हे सांगून तो सुदेशपुढे गेला आणि त्याने हात जोडले.

सुदेशने ते हात धरून खाली केले.

"हात माका जोडू नको. माजा नाव तू दारादारान जावन काढलंस. आता दारादारान जावनच घाल."

८

भाई त्याच पावली निघाला. वाडीच्या वरच्या टोकापासून त्याने सुरुवात केली. बैठकीत सगळे होतेच, तरी प्रत्येक दारात जाऊन तो पुन्हा तेच सांगत होता. कुणी चहा देऊ केला तर घेत नव्हता. काही घरांतल्या माणसांना त्याच्याकडे बघवेना, कारण आपणच काय काय बोललो ते त्यांना आठवत होतं.

विनीताबाईंना एसटीवर सोडायला गेलो तेव्हा मी त्यांना सरळ विचारलं, बैठकीत तो गप्प राहिला असता तर? त्या म्हणाल्या, "मग सुदेश सुटला असता आणि भाई अडकला असता. त्याला तसं जगता आलं नसतं, काका. जाळं असं छाटणारा माणूस तो." मी आजवर बरीच शिकलेली माणसं पाहिलीत. इतक्या बारीक नजरेच्या माणसात इतकी माया मी दुसरीकडे पाहिली नाही, आणि हे मी त्यांना तिथेच बोलून दाखवलं. त्यांनी पिशवीतून कॅमेरा काढला आणि नाक्यावर उभ्या उभ्या माझा एक फोटो काढला. वाईट आला आहे, पण मी तो काचेत घालून स्टुडिओत लावला.

परत आलो तो यशोदाकडेच गेलो. सुदेश खळ्यात बसला होता. थोड्या वेळाने पाणंदीतून भाई येताना दिसला. वाडीतलं हे शेवटचं घर. तो पायरीशी येऊन थांबला. दिवसभर बोलून त्याचा आवाज बसला होता. तरी त्याने घसा खाकरला.

"जाळां मी कापलंय," तो म्हणाला. "सुदेशान..."

यशोदा पदराला हात पुसत बाहेर आली.

"भाईनू, ह्या घरात सांगूची गरज नाय," ती म्हणाली. "ह्यांनी जाळ्याक हात लावक नाय, तां ह्या घराक पयल्या दिसापासून ठावक होता. येवा, बसा."

भाई बसला तो पायरीवरच, तोंड दोन्ही हातांत धरून. यशोदा आत चुलीकडे वळली. मी कुठे बघावं ते न सुचून समुद्राकडे बघत राहिलो. मग सुदेशने बसल्या जागेवरून विचारलं,

"उद्या रापण खंयसून घालूची?"